ऊन जेवणाची पेटी

माझ्या सासरी ‘शिळं’ या शब्दाचा अर्थ फार सोपा होता. थंड ते शिळं, ऊन ते ताजं. सकाळी रांधलेली डाळ रात्री ऊन निघाली तर ती ताजीच, मध्ये अख्खा दिवस गेला तरी. माझं माहेर कन्नड तालुक्यातलं, घाटावरचं. तिथे आम्ही रात्रीची भाकरी सकाळी दुधात कुस्करून आवडीने खायचो आणि तिला शिळीच म्हणायचो. लग्न होऊन घाट उतरून खानदेशात आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला ऐकवलं, थंड ताट वैऱ्यापुढेसुद्धा ठेवू नये. मी तेव्हा नवी होते म्हणून गप्प बसले. पुढे फारशी गप्प बसले नाही.

सत्तर साल उलटल्यावर आम्ही सुरतेत आलो. माझा नवरा एका खात्यात संचे चालवायचा. सुरतेत कापड विणायच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि मागाला संचा. तोंडावर मी त्याला ‘अहो’ म्हणायचे आणि अजून म्हणते, पण लिहिताना ‘तो’ म्हणणार आहे. शेजारी बसून पेपर वाचतोय, विचारलं तर म्हणाला, लिही काय लिहायचं ते.

पांडेसऱ्याच्या अलीकडे एका ओळीत बांधलेल्या खोल्या होत्या, त्यातली एक आमची. सगळी ओळ खानदेशातून आलेल्यांची. एक घर फक्त इथल्याच गुजराती मासीचं, म्हणजे मावशीचं. ती एकटी राहायची आणि कोंबड्या पाळायची. खोलीच्या मागे रूळ आणि रुळांपलीकडे डिंडोलीकडची शेतं. संध्याकाळी तिकडून वारा यायचा आणि दिवसभर तापलेले पत्रे निवायला लागायचे. खोली एवढीशी होती, पण घर माझं होतं. सासरी सात माणसांत मला डाळीत मीठ किती घालायचं हेसुद्धा विचारावं लागे. इथे मीठही माझं आणि भांडणही माझं. सुट्टीच्या वारी तो मला तापीच्या काठावर फिरायला न्यायचा. थंडीत हिरव्या ज्वारीचा पोंक, म्हणजे आपला हुरडा, उन्हाळ्यात ताडगोळे. त्याचे शब्द मोजके, माझे ढीगभर. आमचं बरं जमायचं.

पाळी दर आठवड्याला बदलायची. एक आठवडा दिवसपाळी, एक रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात तो सकाळी येऊन झोपायचा, तिसऱ्या प्रहरी उठायचा. मग मी चूल, म्हणजे आमचा रॉकेलचा स्टो, पेटवायची आणि तो कामावर जायच्या आधी सगळे मिळून ऊन ऊन जेवायचो. दिवसपाळीला मात्र तो सकाळी जायचा तो रात्री आठला परत यायचा. मीही दुपारनंतर शेजारच्या खात्यात कांड्या भरायला, म्हणजे मागाच्या नळ्यांवर सूत गुंडाळायला, जायची आणि त्याच्या थोडी आधी परतायची; रातपाळीच्या आठवड्यात हेच काम सकाळी उरकायची. रॉकेल रांगेत उभं राहून मिळायचं आणि पुरायचं नाही. म्हणून दिवसपाळीला मी एकदाच, सकाळी रांधायची.

आता थंड ताट तर घरात चालत नव्हतं. यावर नवऱ्याने जो उपाय काढला त्याचं नाव सगळ्या ओळीत झालं. संच्याखाली सुताचा गुंता पडतो, त्याला सगळे ‘वेस्ट’ म्हणत. तो पिशवीभर वेस्ट घरी घेऊन आला. बॉबिनी ज्यात येतात तसली लाकडी पेटी मिळवली. तळाशी, चारी बाजूंनी वेस्ट ठासून भरला, वर गोणपाट शिवलं, मधोमध पातेलं बसेल एवढी जागा ठेवली आणि झाकणाच्या जागी वेस्ट भरलेली एक जाड उशी केली. सकाळी उकळती डाळ, भात किंवा खिचडी त्या पेटीत ठेवून उशी दाबली की रात्रीपर्यंत ऊब राहायची. रात्री तो हातपाय धुऊन यायचा, उशी उचलायचा, पातेल्यात एक बोट बुडवायचा आणि म्हणायचा, “ऊन शे.”

ऊन आहे. बस, एवढंच बोलायचा. पण त्या दोन शब्दांत त्याचा दिवसभराचा थकवा जायचा. मीही मनातून खूश असायची. नवरा बायकोसाठी साडी आणतो, हार आणतो. माझ्या नवऱ्याने मला वेळ आणून दिला होता. ओळीतल्या निम्म्या घरांनी त्याच्याकडून तशी पेटी बनवून घेतली.

मुलगी झाली ती माहेरी. पाच महिन्यांची घेऊन मी परत आले. अंगावर पीत होती तोवर गुटगुटीत होती, ओळीतल्या बाया तिला आळीपाळीने कडेवर घेऊन फिरायच्या. मग तिला वरचं सुरू केलं. मऊ खिचडी, डाळीचं पाणी, भात. आणि तिथून तिचं पोट बिघडायला लागलं.

बिघडायचं, चार-सहा दिवस चालायचं, मग आपोआप सावरायचं. थोडं अंग धरते म्हणेपर्यंत पुन्हा तेच. ताप, ओकाऱ्या, हगवण. दांडीवर कायम फडकी वाळत. वर्षाची झाली तरी ती धरून उभी राहीना. मांडीचं मांस सैल पडलं. म्युनिसिपालटीच्या दवाखान्यातून औषध आणायची, त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मी काय गप्प बसणार? मी चोर शोधायला लागले. आधी पाण्यावर संशय. पाणी उकळायला लागले, रॉकेल संपलं तरी उकळलं. काही फरक नाही. मग दूध. दूधवाल्याला दारात उभं करून असं झापलं की त्याने आमच्या ओळीत यायचंच सोडलं आणि बाकीच्या बाया माझ्यावर चिडल्या. मग दुधाची बाटली. ती फेकून वाटी-चमचा आणला. मग ताडगोळे, मग बर्फाचा गोळा. शेवटी मासी.

मी कांड्या भरायला जायची तेव्हा मुलगी मासीकडे असायची. पेटीतली खिचडी काढून दुपारी मासीच तिला भरवायची, संध्याकाळी पुन्हा एकदा. मासीच्या दारात कोंबड्या, अंगणभर त्यांची घाण, त्यातच मासी हात पुसायची पदराला. मला खात्री पटली. एका सकाळी मी तिच्या दारात जाऊन बोलायचं ते सगळं बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. मासीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बेन, छोकरीने में तारा घरनुं ज खवडाव्युं छे.” पोरीला मी तुझ्याच घरचं भरवलं आहे. पण दुसऱ्या दिवसापासून तिने कोंबड्या मागच्या बाजूला बांधल्या आणि माझ्यादेखत साबणाने हात धुऊन मग पोरीला जवळ घेतलं. तरीही पोट बिघडायचं ते बिघडलंच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ही खबर गावी पोचली. त्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. उंच, काटक, आवाज असा की शेतातून हाक मारली तर गावात ऐकू यावी. ताप्ती लाइनच्या गाडीतून उतरल्या, खोलीत आल्या, पाणी प्यायच्या आधी नातीला उचललं, तिची मांडी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, “सुरतनं पानी लागी गयं इले. मी लई जास इले गावले.” हिला सुरतचं पाणी बाधलं, मी हिला गावी घेऊन जाते.

मला वाटलं, दोन महिन्यांसाठी म्हणत असतील. पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. पोर गावी राहील, त्यांच्याजवळ, चांगली धडधाकट होऊन शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत. तुम्ही दोघं इथे राबा, सणावाराला येऊन भेटा. ओळीतल्या दोन घरांची मुलं अशीच गावी वाढत होती. त्यांच्या आया सणावाराला जाऊन यायच्या आणि येताना मुलं त्यांना ओळखत नाहीत म्हणून गाडीत रडायच्या. मला ते माहीत होतं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. त्याला आईला नाही म्हणता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला भीतीही वाटत होती. मुलगी हातची जाण्यापेक्षा गावी जाऊ दे, असं त्याच्या मनात होतं. हे मला न सांगता कळलं. मी त्या दिवशी भाकरी इतक्या जोरात थापल्या की मासी विचारायला आली, कोण आलं आहे म्हणून.

आत्याबाई आल्या तो आठवडा दिवसपाळीचा होता. दोन दिवसांत पोरीचं पोट पुन्हा बिघडलं. त्यांनी मुरुडशेंग उगाळली, जायफळ उगाळलं, दृष्ट काढली, आणि दर वेळी फडकं धुताना मला ऐकवलं की त्यांच्या गावच्या विहिरीचं पाणी असं नाही. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मला जास्त राग येतो, म्हणून मी त्या आठवड्यात सगळ्यांशी भांडले. फक्त आत्याबाईंशी भांडायची हिंमत झाली नाही, कारण मुलगी त्यांच्या मांडीवर असायची आणि त्यांच्याच हाताने झोपायची.

मग रातपाळीचा आठवडा लागला आणि पोर सावरली. आत्याबाईंना वाटलं, मुरुडशेंगेचा गुण. त्या खुशीत आल्या. पुढच्या दिवसपाळीनंतर जी सुट्टी येईल त्या दिवशी सकाळच्या गाडीने नातीला घेऊन जायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. लगेच एक जुनं लुगडं पसरून त्यात झबली, टोपरी रचायला लागल्या. मी भांडी घासत होते. त्याच खोलीत नवरा झोपलेला, त्याचं घोरणं चाललेलं, आणि मुलगी त्याच्या पायाशी बसून एकटीच चमचा वाजवत होती. त्याला जाग येईल म्हणून मी चमचा काढून घ्यायला उठले, तर आत्याबाई कौतुकाने म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे वं. केवढी शहाणी शे. बाप झोपस तवय पोर रडत नही.”

हे खरं होतं. ओळीतल्या सगळ्याच बाया म्हणायच्या. रातपाळीच्या माणसाला दिवसा झोप मिळणं म्हणजे नशीब, लहान मुलाच्या घरात तर फारच. आमची पोर बापाच्या झोपेच्या आठवड्यात कधी रडायची नाही. मी स्वतः हे दहा जणींना अभिमानाने सांगितलेलं.

हातातला तांब्या तसाच धरून मी उभी राहिले. पोरीला काय कळतं पाळी कुठली ते? ती रडत नाही, कारण तिचं दुखत नाही. आणि रातपाळीच्या आठवड्यातच का दुखत नाही?

मग मी मागे मागे आठवत गेले. होळीला ती आजारी होती, तेव्हा तो दिवसभर कामावर होता, मीच तिला घेऊन दवाखान्यात गेले. त्याच्या आधी ओकाऱ्या झाल्या तेव्हा तो रात्री आठला येऊन पाहून घाबरला होता. प्रत्येक वेळी दिवसपाळी. एकदाही त्याने ‘हिच्या रडण्याने झोप झाली नाही’ असं म्हटलेलं मला आठवेना. पाणी तेच, दूध तेच, मासी तीच. दोन आठवड्यांत फरक एकाच गोष्टीचा होता. रातपाळीला आम्ही रांधलं की लगेच जेवायचो. दिवसपाळीला जेवण पेटीत जायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पण मलाही ते पटेना. पेटीतलं जेवण तर ऊन असायचं. आणि आम्ही दोघं तेच खात होतो, आम्हाला काही होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना बाजाराचं सांगून मी पोरीला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबेन गुजराती होत्या, आमच्याशी अर्धं हिंदी बोलायच्या. गर्दी खूप, पण मी सगळं सांगितल्याशिवाय स्टुलावरून उठले नाही. पेटी कशी केली, वेस्ट कसा भरला, उशी कशी. त्या आधी हसल्या, त्यांना पेटी आवडली. मग विचारलं, “गरम एटले केटलुं गरम?” गरम म्हणजे किती गरम?

मी म्हटलं, माझा नवरा बोट घालून पाहतो, छान ऊन असतं.

“बोट भाजतं का?”

“नाही. बरोबर असतं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, जिथे बोट सुखाने टिकतं तिथे जंतूही सुखाने टिकतात. अन्न उकळतं तेव्हा बहुतेक मरतात, पण काही तग धरून राहतात, आणि झाकण उघडलं, हात लागला, चमचा बुडाला की नवेही जातात. मग दिवसभर त्यांना ऊब मिळते. एक तर चटका बसेल इतकं ऊन ठेवायचं, नाहीतर ठेवायचंच नाही. मधलं कोमट सगळ्यात वाईट, त्यात ते वाढत जातात. वासावरून कळत नाही, चवीवरूनही नाही. मोठ्यांचं पोट ते पचवून टाकतं, लहान पोटाला जमत नाही. मी विचारलं, सकाळी उकळतंच ठेवते ना? त्या म्हणाल्या, ठेवतेस तेव्हा उकळतं असतं. पण दुपारी उघडतेस, संध्याकाळी उघडतेस, दर वेळी निवत जातं.

मी घरी येताना रस्ताभर बोलत होते, एकटीच. लोक बघत होते. आनंद झाला होता मला. चोर सापडला म्हणून, आणि भांडणात आता माझ्याकडे उत्तर होतं म्हणूनही.

नवऱ्याला सांगायचं मात्र जड गेलं. तो उठून चहा पीत होता, आत्याबाई मासीकडे कोंबड्या बघायला गेलेल्या. मी सांगितलं. त्याने पेटीची उशी उचलून आत पाहिलं. मग म्हणाला, “मग माले काबरं काई व्हत नही?” त्याला का काही होत नाही, ते डॉक्टरबेनचं मी सांगितलं, मोठ्यांचं पोट पचवून टाकतं म्हणून. कप विसळून उपडा ठेवला, जे तो एरवी कधी करायचा नाही. मला त्याची फार दया आली. जगातली सगळ्यात चांगली वस्तू त्याने आमच्यासाठी केली होती, आणि मी त्याला सांगत होते की तीच पोरीला बाधते.

दिवसपाळी लागली. मी आत्याबाईंना एवढंच म्हटलं, या आठवड्यात पोरीचं जेवण पेटीत ठेवायचं नाही, बाकी तुम्ही म्हणाल ते. त्या हसल्या. म्हणाल्या, पोराने केलेल्या पेटीवर राग काढतेस होय? पण हरकत घेतली नाही, कारण पोर तर आता त्यांचीच होणार होती. दुपारी आणि संध्याकाळी ताजी खिचडी करायला रॉकेल पुरणार नव्हतं. ज्या मासीला मी दारात उभं राहून बोलले होते, तिच्याकडे गेले. तिने लाकडाच्या चुलीवरचं स्वतःचं भांडं उतरवलं आणि मला जागा करून दिली. दुपारी मी शिजवायची, संध्याकाळी मासी; वाटीभर तांदूळ, चिमूटभर डाळ, शिजली की लगेच भरवायची, उरली तर मासीच्या कोंबड्यांना. कोंबड्या त्या आठवड्यात मजेत होत्या.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मी दर फडकं उचलून बघायची. आठवड्याच्या मध्यावर पोर पेटीला धरून उभी राहिली आणि उशीवर थापा मारायला लागली. सुट्टीचा आदला दिवस उजाडला तरी पोट ठीक. एवढ्या महिन्यांत पहिली दिवसपाळी अशी गेली होती.

त्या संध्याकाळी नवरा लवकर सुटला. लुगड्याचं गाठोडं दाराशी बांधून तयार होतं. आत्याबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, सकाळच्या गाडीचं बोलत होत्या. मी समोर बसले आणि सगळं मांडलं. ओरडले नाही. पाळ्यांचं सांगितलं, पोर बापाच्या झोपेत का रडत नाही ते सांगितलं, डॉक्टरबेनचं बोट सांगितलं. सुरतचं पाणी मी उकळते, ते लागलेलं नाही. लागलं ते दिवसभर कोमट राहिलेलं जेवण. ते आता बंद. मग पोर गावी कशाला न्यायची?

“ऊन शे ते शिये कसं व्हई?” त्या म्हणाल्या. ऊन ते शिळं कसं होईल?

“ऊन नसतं, आत्याबाई. कोमट असतं. आपल्याला ते ऊन वाटतं.”

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा आईसमोर बोलला. म्हणाला, “खरं शे माय. पेटी मीच बनाई.”

आत्याबाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, जिंकले. मी अजून दोन वाक्यं तयार ठेवली होती, चांगली झणझणीत. त्या पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मग हळू आवाजात, ज्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं, त्या सांगायला लागल्या. त्यांच्या तरुणपणी सगळे पहाटे शेतावर जायचे. लहान मुलं घरी, म्हाताऱ्या सासूजवळ. जाताना त्या मऊ भाताचं मडकं चुलीतल्या राखेत पुरून जायच्या, म्हणजे मुलांना दिवसभर ऊन मिळेल. थंड कधी खाऊ घातलं नाही त्यांनी. संध्याकाळी येऊन बोट घालून बघायच्या. छान ऊन असायचं.

एवढं सांगून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना दोन झाली होती आणि राहिली नव्हती. हे मला जावेने एकदा कुजबुजत सांगितलेलं, घरात त्यावर कोणी बोलत नसे. दोन्ही उन्हाळ्यात, दोन्ही हगवणीने.

“म्हनजे मनाच हातनं गयात का वं त्या?” त्यांनी विचारलं. माझ्याच हातनं गेली का गं ती?

नवरा उठून दारात जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. माझ्या जिभेवरची दोन वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मला एकदम रडू आलं आणि ते दाबायला मी मोठ्याने बोलले. म्हटलं, “नाही आत्याबाई. राखेचं वेगळं असतं. खाली निखारा असतो. त्यातलं मडकं कडक ऊन राहतं, चटका बसेल असं. डॉक्टरबेन म्हणाल्याच, तेवढं ऊन असलं तर काही होत नाही. तुमच्या मुलांना दुसरंच काही झालं असेल. तेव्हा साथी यायच्या.”

“तुले काय ठाऊक, मनी राख कितली ऊन ऱ्हाये?”

“मी पाहिली आहे,” मी म्हटलं. “लग्नानंतर तुमच्या चुलीत हात घातला होता, भाजला होता.”

कधी घातला नव्हता. आणि त्यांनीच आत्ता सांगितलं होतं की मडक्यात बोट घालून बघायच्या. दोघींनाही ते माहीत होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मुलीने त्यांच्या नाकातली फुली धरून ओढली, ती त्यांनी हळूच सोडवली.

“तुले खोटं बोलता येत नही वं बाई,” त्या म्हणाल्या. “पन बोलनी ते बरं व्हयनं.” पण बोललीस ते बरं झालं.

मग त्यांनी पोरीला माझ्या मांडीवर दिलं, उठून दाराशी गेल्या, गाठोड्याची गाठ सोडली आणि तिची झबली एक एक काढून परत खुंटीला अडकवत गेल्या.